मूळ कारण



बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसले आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन आणि लेखन दोन्ही बंद होतं. आता नवा चष्मा आला आहे आणि डोक्यात एक विषय बरेच दिवस घोळतो आहे. विषय जरा आडवाटेचा आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शिक्षकांनी तर वाचाच.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीची नात चार दिवस माझ्याकडे राहायला आली. आली म्हणजे काय, तिला पाठवली. भाच्याचा फोन आला होता, "मावशी, तू इतकी वर्षं शाळेत काढलीस, तूच बघ बाई हिच्याकडे. दोन विषय राहिले. कुणाशी बोलत नाही, धड जेवत नाही." पोर बारावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली. नर्सिंगला नंबर लागला नाही म्हणून जिल्ह्याच्या गावी एका संस्थेत मेडिकल रेकॉर्डच्या डिप्लोमाला गेली. हल्ली त्या विषयाला हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट असं भारदस्त नाव आहे. दवाखान्यातले केसपेपर नीट लावणं, प्रत्येक रोगाला ठरलेला संकेतांक देणं, किती रुग्ण आले, किती बरे झाले, किती दगावले याचे हिशेब काढणं, असं ते शिक्षण. हिच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं पहिल्याच वर्षी कुठल्या ना कुठल्या विषयात अडकली होती.

भाचा फोनवर पुढे म्हणाला, "अगं, कागद लावायचं तर काम! त्यात काय नापास व्हायचं असतं?"

हे वाक्य मला लागलं. त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं घरचं. २०११ मध्ये आमच्या ह्यांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. ताप खूप, शुद्ध जेमतेम. डॉक्टर इंजेक्शन लिहीत होते, तेवढ्यात रेकॉर्डरूममधला एक माणूस धुळीने माखलेला जुना केसपेपर घेऊन वर आला. तेरा वर्षांपूर्वी हे त्याच दवाखान्यात होते, तेव्हा त्याच जातीच्या औषधाने ह्यांना भयंकर रिअॅक्शन आली होती. मी गडबडीत ते साफ विसरले होते. कागद विसरला नव्हता. डॉक्टरांनी औषध बदललं. त्या माणसाचं नावसुद्धा मी विचारलं नाही, याची आज खंत वाटते.

दुसरं कारण शाळेतलं. साधारण १९८४-८५ ची गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावरचं उतरवून घ्यायचा नाही, शेजाऱ्याच्या वहीत बघायचा. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात लाल शाईने शेरा दिला, "वर्गात लक्ष नसते." वडिलांनी त्याला बडवला. सहा महिन्यांनी आमच्या चित्रकलेच्या सरांच्या लक्षात आलं की पोराला फळाच दिसत नाही. चष्मा लागला. पुढच्या परीक्षेत तो काही पहिला-दुसरा आला नाही, पण सगळ्या विषयांत पास झाला. माझा शेरा मात्र त्या प्रगतिपुस्तकात तसाच राहिला.

तर पोर आली. पहिले दोन दिवस मी अभ्यासाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी शेंगा सोलता सोलता विचारलं, "तुला त्या सगळ्यात आवडतं तरी काय?" ती उठली आणि पिशवीतून एक वही काढून आणली. त्यात मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र चिकटवलेलं होतं. आपल्याकडे दवाखान्यात कुणी गेलं तर डॉक्टर जो फॉर्म भरतात, तो.

ती सांगायला लागली. "आजी, यात वरच्या ओळीत मरणाचं शेवटचं कारण लिहायचं. खालच्या ओळीत, ते कशामुळे झालं. त्याच्या खाली, ते कशामुळे. सगळ्यात खाली जे येतं ते मूळ कारण. मोजणीत तेच धरतात. आणि 'हृदय बंद पडलं' असं नुसतं लिहायचं नाही. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. ती मरायची तऱ्हा झाली, कारण नाही. या ओळींत न बसणाऱ्या पण हातभार लावणाऱ्या गोष्टी दुसऱ्या भागात लिहायच्या."

पोर एकदाही अडखळली नाही. मी तिच्याकडे बघत राहिले. ही मुलगी या विषयात नापास?

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढचे काही महिने डोळे साथ देतील तसं या फॉर्मचा आणि या नोंदींच्या विद्येचा इतिहास वाचत गेले. तो थोडक्यात सांगते, कारण पोरीच्या नापास होण्याचं उत्तर मला त्यातच सापडलं.

लंडन शहरात सतराव्या शतकात दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापून निघत. प्लेगच्या साथी वारंवार यायच्या, त्यामुळे लोक त्या याद्यांकडे लक्ष ठेवून असत. मृत्यूचं कारण ठरवायला गावातल्या म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असत. त्या प्रेत बघत, घरच्यांना विचारत आणि सांगत. जॉन ग्राँट नावाचा एक व्यापारी होता, शिवणाचं सामान आणि कापडचोपड विकणारा. त्याने अनेक वर्षांच्या याद्या गोळा करून १६६२ मध्ये त्यांवर पुस्तक काढलं. लोकसंख्या आणि आरोग्याच्या आकडेशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. त्या याद्यांतली कारणं वाचून गंमत वाटते. "म्हातारपण", "एकाएकी", "दात", "दुःख", आणि चक्क "ग्रह"! म्हणजे ग्रह लागला नि माणूस गेला. ग्राँटला हेही कळलं होतं की या बायकांना जरा दारू पाजली, चार पैसे दिले, की एखादा लाजिरवाणा रोग यादीत क्षय होऊन बसतो. दुकानदार असल्यामुळे वहीतला माल आणि गोदामातला माल यांतला फरक त्याला बरोबर ठाऊक असावा!

पुढची मोठी पायरी विल्यम फार या डॉक्टरची. हाही गरीब घरातला. गावातल्या एका वृद्ध सद्गृहस्थाच्या आधाराने शिकला. इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली आणि १८३९ पासून त्या कचेरीत फार कामाला लागला. त्याची पहिली तक्रार नावांची होती. एकाच रोगाला तीन-चार नावं, आणि एकाच नावाखाली निरनिराळे रोग. त्याने रोगांची शिस्तवार मांडणी करायला घेतली.

पण फारचं मला आवडलेलं प्रकरण वेगळंच आहे. १८४८-४९ मध्ये लंडनला पटकीची मोठी साथ आली. फारने आकडे मांडले तेव्हा दिसलं की थेम्स नदीकाठच्या सखल वस्त्यांत माणसं जास्त मेली, आणि जसजसं उंचावर जावं तसतसे मृत्यू कमी. आकडे अगदी नीट जुळले. फारने १८५२ मध्ये निष्कर्ष काढला की रोगाचं नातं जागेच्या उंचीशी आहे, खालच्या भागातल्या दूषित हवेमुळे लोक मरतात. जॉन स्नो नावाचा डॉक्टर सांगत होता की हवा नव्हे, पाणी. १८५४ च्या साथीत त्याने एका सार्वजनिक पंपाभोवतीचे मृत्यू दाखवून दिले. तरी पुष्कळांना पटलं नाही. स्नो १८५८ मध्ये वारला. १८६६ मध्ये पुन्हा साथ आली, ती पूर्व लंडनमध्ये. फारने या वेळी कुठल्या घराला कुठल्या कंपनीचं पाणी जातं ते तपासलं, आणि स्नोचं म्हणणं बरोबर होतं हे मान्य केलं. आपण मांडलेलं मत चौदा वर्षांनी सोडून देणं सोपं नसतं. मला तर एक शेरा खोडायला जमलं नाही.

आता बघा. सखल भागात लोक जास्त मरत होते, हे खरंच होतं. आकडा खोटा नव्हता. पण उंची हे कारण नव्हतं. खालच्या वस्त्यांना घाण पाणी मिळत होतं.

आपण शिक्षक आणि पालक अजूनही उंचीच मोजत बसलो आहोत असं मला वाटतं. "गावाकडची मुलं कच्ची असतात." "मराठी माध्यमाची मुलं मागे पडतात." "या कोर्सला हुशार मुलं येतातच कुठे?" निकालाचे आकडे कदाचित तसं दाखवतीलही. पण पाणी कुठलं मिळालं, ते कुणी तपासायचं?

फारनंतरचा टप्पा पॅरिसचा. झाक बेर्तियाँ हा त्या शहराचा आकडेवारी खात्याचा प्रमुख. (गुन्हेगारांची ओळख पटवायला त्यांच्या अंगाची मापं घेण्याची पद्धत काढणारा आल्फाँस बेर्तियाँ तो याचाच भाऊ.) त्याने १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली, सगळ्या देशांनी एकच वापरावी म्हणून. १९०० मध्ये पॅरिसला परिषद भरून ती यादी सुधारली गेली, आणि पुढे साधारण दहा-दहा वर्षांनी तिच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. १९४८ मध्ये सहावी सुधारणा झाली, तेव्हा ती जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आली. मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचीही वर्गवारी तिच्यात आली, आणि "हे कशामुळे, ते कशामुळे" असं खाली खाली विचारत जाणारा तो फॉर्मही तेव्हाच जगभरासाठी ठरला. आज आपल्या मुलांना शिकवतात ती मुख्यतः दहावी आवृत्ती. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे.

म्हणजे "ग्रह लागला" पासून "हे कशामुळे?" पर्यंत यायला माणसाला जवळजवळ तीनशे वर्षं लागली.

मग मी ठरवलं की पोरीच्या नापास होण्याचाही असाच फॉर्म भरायचा. "अभ्यास केला नाही" असं लिहायचं नाही. ते हृदय बंद पडण्यासारखं झालं. सगळीच नापास मुलं शेवटी अभ्यास न झाल्यानेच नापास होतात. तो का झाला नाही?

तिची वही आणि पुस्तकं घेऊन बसलो. पहिला राहिलेला विषय मेडिकल टर्मिनॉलॉजी. डॉक्टरी शब्दांची ओळख. तिने शेकडो शब्द पाठ केले होते, समोर मराठी अर्थ लिहून. परीक्षेत शब्द जरा फिरवून आला की सगळं कोसळायचं. मी विचारलं, "हा शब्द फोडायचा कसा, ते कुणी सांगितलं का?" ती म्हणाली, "फोडायचा म्हणजे?"

मी जन्मभर मराठी आणि संस्कृत शिकवलं. ग्रीक किंवा लॅटिन मला येत नाही. पण ती यादी बघता बघता मला ओळखीची माणसं भेटल्यासारखं वाटायला लागलं. हे शब्द म्हणजे आपले उपसर्ग, धातू आणि प्रत्यय! आणि नुसते तसे नाहीत, कित्येक एकाच घरातले. ग्रीक "हायपर" म्हणजे आपलं "उपरि", वरचं, जास्त. "हायपो" म्हणजे आपलं "उप", खालचं, जसं मुख्याध्यापकाखाली उपमुख्याध्यापक. "पेरि" म्हणजे "परि", भोवतीचं. पेरिकार्डियम, हृदयाभोवतीचं आवरण. "अॅन" म्हणजे आपला नकाराचा "अन्". अॅनिमिया, रक्त नसणं. "डिस" म्हणजे "दुस्". डिस्युरिया, लघवी कष्टाने होणं. "ऑस्टिओ" म्हणजे "अस्थि". "डेंटल" मधला "दंत" आणि "नेझल" मधली "नासा" तर शेंबडं पोरही ओळखेल. भाषाशास्त्राचे पंडित सांगतात की ही भावंडं एकाच मूळ भाषेतून आली. शेवटी "आयटिस" आलं की दाह किंवा सूज, "एक्टमी" आलं की कापून काढणं. अपेंडिसायटिस झाला की अपेंडिसेक्टमी करायची.

पोरीने एक कागद घेतला आणि स्वतःच कोष्टक काढायला बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "आजी, हे समासासारखंच आहे की! मला समासाला दहावीत पैकीच्या पैकी होते."

दुसरा विषय स्टॅटिस्टिक्स. दवाखान्यातल्या खाटा किती वापरल्या गेल्या ते काढायचं सूत्र तिला तोंडपाठ होतं. पन्नास खाटा, तीस दिवसांचा महिना, म्हणजे १५०० खाटा-दिवस. रुग्ण त्यांपैकी १२०० दिवस होते, म्हणजे ८० टक्के. हे तिला यायचं. परीक्षेत महिना आला ३१ दिवसांचा आणि मधल्या पंधरा दिवसांत दहा खाटा दुरुस्तीसाठी बंद. झालं! सूत्रातल्या आकड्यांचा अर्थ कधी कुणी बोललाच नव्हता. मी म्हटलं, "लग्नातल्या पंगती आठव. पाट किती, पंगती किती, बसले किती?" दहा मिनिटांत उत्तर आलं.

तिसरी गोष्ट ऐकून मात्र मी थक्क झाले. रोगांना संकेतांक द्यायचा अभ्यासक्रम, पण ते संकेतांकांचे ग्रंथ तिने हातात घेतलेच नव्हते. दहाव्या आवृत्तीचे तीन खंड आहेत. शब्द आधी तिसऱ्या खंडातल्या सूचीत बघायचा, मग पहिल्या खंडात जाऊन खात्री करायची, आणि अडलं तर दुसऱ्या खंडातले नियम वाचायचे. संस्थेत एकच संच, तोही कपाटात कुलूपबंद. मुलांना झेरॉक्सची चार पानं. खरे केसपेपर बघायला मिळाले ते वर्षातून दोनदा, तेही लांबून. शब्दकोश न उघडता भाषा शिकवण्यासारखं हे झालं. संस्थाचालकांना दोष देऊन मी मोकळी होत नाही. पुस्तकं महाग असतात, शिकवणारे तासावर नेमलेले असतात, हे मी जाणते. पण फॉर्ममध्ये ते लिहायला नको का?

आता माध्यमाचा प्रश्न. इथेही इतिहास आहे, आणि तो आपल्या घरचा आहे.

मुंबईत १८२६ मध्ये सरकारने इथल्या मुलांसाठी एक वैद्यकशाळा काढली होती. डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख. शिकवणं देशी भाषांतून, आणि त्यासाठी त्यांनी मराठीत पुस्तकंही तयार केली. सहा वर्षांत, १८३२ मध्ये, ती शाळा अपयशी ठरवून बंद केली गेली. इथे तर आख्खी शाळाच नापास! कलकत्त्यालाही देशी भाषांतून शिकवणारी वैद्यकसंस्था १८२२ पासून होती, ती १८३५ मध्ये मोडून इंग्रजी माध्यमाचं मेडिकल कॉलेज आलं. त्याच साली मेकॉलेचा तो प्रसिद्ध खलिता निघाला होता. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं, तेही इंग्रजीतून. त्याची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली, तीत आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते. गोव्यातल्या मांद्र्याचा मुलगा. तो इंग्रजीतून उत्तम शिकला, हे खरं. पण त्याआधी तो मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये काही वर्षं इंग्रजी शिकून तयार झाला होता, हेही तितकंच खरं. त्याला पूल बांधून मिळाला होता. पुढे १८६१ मध्ये त्याच ग्रँट कॉलेजात मराठीतून शिकवणारा वर्गही काढावा लागला, कारण सगळ्या रोग्यांना पुरतील इतके वैद्य नुसत्या इंग्रजीतून तयार होत नव्हते.

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने गेल्या शतकात उर्दूतून वैद्यक शिकवलं. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये एमबीबीएसची पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं निघाली. यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं जातं. माझं म्हणणं छोटं आहे. संकेतांकांचे ग्रंथ इंग्रजीत आहेत, डॉक्टर इंग्रजीत लिहितात, तेव्हा इंग्रजी शिकावंच लागेल. पण बारावीपर्यंत मराठीत विचार करणाऱ्या मुलीला जूनमध्ये वर्गात बसवून एकदम शरीररचना, शब्दावली, संकेतांक, संख्याशास्त्र सगळं परभाषेतून द्यायचं आणि मार्चमध्ये निकाल विचारायचा, याला काय म्हणावं? दोन-तीन महिने पुलाचे घातले तर काय बिघडतं? आपल्या भाषा संचालनालयाने १९६० पासून किती परिभाषा कोश काढले! शब्द आहेत. ते या मुलांच्या बाकावर नाहीत, एवढंच.

आणि शेवटचं, भाच्याच्या वाक्यातलं. "कागद लावायचं काम." ज्या कामाला घरचे आणि दारचे असं म्हणतात, ते जीव लावून कोण शिकेल? फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंना आपण दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ओळखतो. पण त्या हाडाच्या आकडेवारीवाल्या. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले हे त्यांनी १८५८ मध्ये रंगीत आकृती काढून दाखवलं. इस्पितळांच्या नोंदी तुलनेच्या लायकीच्या नसतात अशी त्यांची तक्रार होती, आणि सगळ्या इस्पितळांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात म्हणून त्या १८६० पासून झगडल्या. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ग्रेस व्हाइटिंग मायर्स नावाच्या बाई नोंदी सांभाळत. १९२८ मध्ये हे काम करणाऱ्यांची संघटना निघाली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्षा. त्या लोकांनी स्वतःला कारकून म्हणवलं नाही. नाव घेतलं रेकॉर्ड लायब्रेरियन, नोंदींचे ग्रंथपाल. त्याच संघटनेने १९९१ मध्ये हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट हे नाव घेतलं, आणि तेच नाव आज आमच्या पोरीच्या ओळखपत्रावर आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारची आरोग्य आकडेवारीची संस्था १९६१ पासून आहे. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात आणि पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये ती या कामाचं प्रशिक्षण चालवत आली आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. आणि २०२१ मध्ये आरोग्याशी संलग्न व्यवसायांचा जो राष्ट्रीय कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात या व्यवसायाचा स्वतंत्र वर्ग आहे. इतकी मोठी परंपरा, पण वर्गातल्या एकाही मुलाला ती ठाऊक नव्हती. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की आपल्याला नर्सिंग मिळालं नाही.

तर आमचा फॉर्म असा भरला. पोरीनेच तिच्या वहीत लिहिला.

पहिली ओळ: दोन विषयांत नापास.
हे कशामुळे: प्रश्न फिरवून आला की उत्तर सुचलं नाही.
ते कशामुळे: समजून न घेता पाठ केलं.
ते कशामुळे: शब्द फोडायला आणि आकड्याचा अर्थ लावायला ज्या भाषेत डोकं चालतं, त्या भाषेत कुणी शिकवलं नाही, ग्रंथ आणि केसपेपर हाताळायला मिळाले नाहीत.

दुसरा भाग, हातभार लावणाऱ्या गोष्टी. हा लिहिताना ती जरा थांबली. मग लिहिलं: एसटीने जाऊन येऊन साडेतीन तास. सकाळी घरचं काम. फीचा दुसरा हप्ता उशिरा भरल्याने महिनाभर वर्गात बसायला संकोच. मोबाइल. (हे तिने स्वतःहून लिहिलं, बरं का!) आणि शेवटी, "बाबा म्हणतात हे कागद लावायचं काम आहे."

ते शेवटचं वाचून मी भाच्याला फोन लावला. २०११ ची गोष्ट सांगितली. मावशाच्या उशाशी तोही तेव्हा होता, पण त्या केसपेपरचं त्याला काहीच माहीत नव्हतं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ती परत बसेल ना गं परीक्षेला?"

ती परत बसली. शब्दावलीत चांगली सुटली. स्टॅटिस्टिक्समध्ये काठावर, पण सुटली. वर्गातल्या चार मैत्रिणींना तिने ते उपसर्गांचं कोष्टक दिलं, त्यांतल्या तिघी सुटल्या, एकीचं अजून राहिलं आहे. त्या एकीसाठी काय करावं याचा विचार आमच्या दोघींचा चालू आहे. तिचं मूळ कारण वेगळं असणार.

सध्या पोर एका रुग्णालयात अनुभवासाठी जाते. परवा फोन आला. शेतात साप चावलेला एक रुग्ण आला होता, त्याचा कागद तिच्याकडे आला. "आजी, त्याला दोन संकेतांक लागतात. विषाचा टी ६३.०, आणि तो कसा चावला त्याचा एक्स २०. एक काय झालं ते सांगतो, दुसरा कशामुळे ते. मी एकटीने शोधले, तिसऱ्या खंडातून पहिल्या खंडात जाऊन."

मी विचारलं, "आणि तो माणूस कसा आहे?"

"बरा आहे. घरी गेला. तेही लिहिलंय मी."

असो. तुमच्या घरात, ओळखीत कुणी असं अडकलेलं असेल तर त्याचा फॉर्म जरूर भरून बघा. आणि मंडळी, १९८४-८५ चा तो मुलगा आता पन्नाशीच्या पुढे असेल. त्याच्या हाती हे कधी पडलंच, तर त्याने समजावं की बाईंनी तो शेरा खोडला आहे.